ऑइल पिणारं इंजिन, आणि त्याला काय पाजायचं

(सातपूर, नाशिक येथे ऑटोमोबाइल शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे आणि गॅरेजवाल्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी खाली चहा घेताना एका मुलानं मला विचारलं, "सर, आरएक्सला सिंथेटिक चालतं का?" मी म्हटलं, "अरे, आरएक्सला टू-टी लागतं, वडिलांना विचार तुझ्या." त्याचा चेहरा पडला. तो माझदाच्या आरएक्स-८ या रोटरी इंजिनाच्या गाडीबद्दल विचारत होता आणि मी यामाहाच्या आरएक्स हंड्रेडचं उत्तर दिलं होतं. वर येताना जिन्यात माझ्या लक्षात आलं, की माझं उत्तर तसं फारसं चुकलेलं नव्हतं. आजचं बोलणं तिथूनच सुरू करतो.

माझी पिढी टू-स्ट्रोकवर वाढली. पंपावर चेतक लावली की पेट्रोलच्या आधी पोऱ्या विचारायचा, "ऑइल किती?" लिटरला वीस मिली. हेच टू-टी. ते ऑइल पेट्रोलबरोबर आत जायचं, जाता जाता पिस्टनला आणि रिंगांना हात फिरवायचं आणि जळून सायलेन्सरमधून बाहेर पडायचं. आरएक्स हंड्रेड जरा साहेब होती. तिला ऑइलची वेगळी टाकी आणि छोटा पंप. एक्सिलरेटर पिळाल तसं ऑइल जास्त. पण तेही जळण्यासाठीच. म्हणून टू-टी बनवणारा एकच विचार करतो, की हे जळल्यावर मागे काय उरेल? राख उरली, तर प्लगवर बसेल, पोर्टमध्ये बसेल.

चारचाकीचं ऑइल याच्या अगदी उलट. ते चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्यात, राहायला आलेलं असतं. पाच-दहा हजार किलोमीटर तिथेच. बेअरिंगवर फिल्म धरायची, उष्णता वाहून न्यायची, काजळी पोटात घ्यायची. ते जळलं तर आपण म्हणतो, गाडी ऑइल पिते, इंजिन काम निघालं.

रोटरी इंजिन हे या दोघांच्या मधलं विचित्र बाळ आहे. ते चारचाकीत बसतं, त्याला चेंबर आहे, डिपस्टिक आहे, फिल्टर आहे. आणि तरी ते ऑइल पितं. बिघडलं म्हणून नव्हे, ते बनवलंच तसं आहे.

का, ते बघू. भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग डोळ्यांपुढे आणा, मध्ये किंचित दबलेली. इंजिनाची पोकळी साधारण त्या आकाराची. तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो, तो रोटर. त्याची तीन टोकं पोकळीच्या भिंतीला सतत घासत जातात आणि त्या प्रत्येक टोकाला खाचेत बसवलेली धातूची पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. पिस्टनच्या रिंगेचं काम ती करते. फरक असा, की पिस्टनच्या खालच्या बाजूनं सिलिंडरच्या भिंतीवर चेंबरमधलं ऑइल उडतं आणि ऑइल रिंग ते खरवडून परत खाली धाडते. रोटरीत भिंतीला 'खालची बाजू' नाहीच. तिन्ही बाजूंना पेट्रोल-हवेचं मिश्रण किंवा जाळ. त्या पट्टीपर्यंत ऑइल आपण होऊन पोचत नाही. मग माझदानं काय केलं? एक मीटरिंग पंप बसवला, जो चेंबरमधलंच ऑइल थेंब थेंब उचलून त्या भिंतीवर सोडतो. पट्टीला ओल मिळते आणि तो थेंब जळून जातो.

ही पट्टी किती नाजूक प्रकरण आहे, हे इतिहासावरून कळेल. फेलिक्स वांकेलचं पहिलं इंजिन जर्मनीत एनएसयूकडे १९५७ साली चाललं. त्याच कंपनीनं १९६७ साली आरओ ८० ही मोठी गाडी बाजारात आणली. गाडी देखणी, काळाच्या पुढची, पण सील झिजून इंजिनं वॉरंटीत परत येऊ लागली, आणि १९६९ साली एनएसयू दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. जपानात माझदाच्या केनिची यामामोतोंच्या पथकापुढे वेगळं संकट होतं. सील थरथरायची आणि भिंतीवर आडवे ओरखडे उठायचे. त्या ओरखड्यांना ते 'सैतानाच्या नखांच्या खुणा' म्हणत. शेवटी कार्बन आणि ॲल्युमिनियमचं सील जमलं आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी आली. पुढे १९७८ ला आरएक्स-७, २००३ ला आरएक्स-८. मधे १९९१ साली चार रोटरची ७८७बी ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकून गेली. तुम्ही व्हिडिओ गेममध्ये चालवता त्या या गाड्या.

तर मुद्दा असा. एकाच डब्यातलं ऑइल दोन नोकऱ्या करतं. एका नोकरीत त्यानं टिकायचं, दुसरीत त्यानं नीट जळायचं. सिंथेटिक की साधं, हे भांडण मुळात इथलं आहे. टिकण्यात जे सगळ्यात हुशार, तेच जळण्यातही हुशार असेल, असं कोण म्हणतं?

सिंथेटिकविरुद्धची ओरड दोन ठिकाणांहून आली. पहिली रबराची. रोटरीत रोटरच्या ऑइल रिंगांमागे रबरी ओ-रिंगा असतात आणि हाउसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, जोडांतही रबर असतं. सुरुवातीच्या काळातल्या सिंथेटिक ऑइलांनी काही जातींचं रबर आकसायचं, काहींनी फुगायचं. सील गळू लागले की बदनामी ऑइलची. हे पुढे मिश्रणं सुधारून आणि रबर बदलून आटोक्यात आलं. पण गॅरेजमध्ये ऐकलेली गोष्ट तीस वर्षं टिकते, ऑइलपेक्षा जास्त. दुसरी ओरड, की सिंथेटिक पूर्ण जळत नाही, मागे थर बसवतं. अमेरिकेत आरएक्स-८ वाल्यांना साधं ५डब्ल्यू-२०, म्हणजे पातळ ग्रेडचं ऑइल, घाला, असं सांगितलं जाई. त्याच माझदाच्या जपानात रोटरीवाले बिनदिक्कत सिंथेटिक घालत आणि इंजिनं चालत. इंजिन तेच, मग दोन देशांत दोन धर्म कसे?

थरांबद्दल मी तुम्हाला सरळ सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. राख बेस ऑइलमधून, म्हणजे मूळ तेलातून, येत नाही. बेस ऑइल, मग ते खनिज असो की पीएओ हे कृत्रिम तेल, हे शेवटी कार्बन आणि हायड्रोजनच. राख येते त्यात मिसळलेल्या ॲडिटिव्हमधून: कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक. डिटर्जंट आणि झीज रोखणारी द्रव्यं बहुधा धातूंच्या संयुगांची बनलेली असतात आणि धातू जळून नाहीसा होत नाही. गाडीच्या नेहमीच्या ऑइलमध्ये सल्फेटेड ॲश, म्हणजे राखेचं माप, साधारण ०.८ ते १ टक्क्याच्या आसपास. जपानी जासो प्रमाणात टू-टी ऑइलला मर्यादा ०.२५ टक्के. म्हणजे बाटलीवर 'सिंथेटिक' लिहिलंय का, यापेक्षा राख किती, हा प्रश्न रोटरीवाल्यानं आधी विचारायला हवा. साधं ऑइल राखेनं भरलेलं असू शकतं, सिंथेटिक कमी राखेचं असू शकतं, आणि उलटही.

शिवाय 'सिंथेटिक' म्हणजे तरी काय? एपीआय ही अमेरिकी पेट्रोलियम संस्था बेस ऑइलचे पाच गट करते. पहिला, दुसरा खनिज. चौथा पीएओ, प्रयोगशाळेत रेणू जोडून बनवलेला. पाचव्यात एस्टर आणि बाकी मंडळी. मधला तिसरा गट म्हणजे कच्च्या तेलातूनच हायड्रोजनच्या दाबाखाली कसून शुद्ध केलेला माल. त्याला सिंथेटिक म्हणावं का, हा वाद १९९९ साली अमेरिकेत जाहिरातींच्या पंचांपुढे गेला आणि निकाल 'म्हणू द्या' असा लागला. जर्मनीत अजूनही ते नाव इतक्या सहज देत नाहीत. आपल्याकडे दुकानात 'फुल्ली सिंथेटिक' म्हणून मिळणाऱ्या डब्यात बऱ्याचदा हाच तिसरा गट असतो. वाईट नसतो. पण 'सिंथेटिक रोटरीला मारतं' म्हणणारा आणि 'सिंथेटिकच घाला' म्हणणारा, दोघांच्या डब्यात वेगवेगळी वस्तू असू शकते.

आता टिकण्याची बाजू. रोटरीत रोटर आतून ऑइलनंच थंड होतो. शाफ्टमधून ऑइलचा फवारा रोटरच्या पोटात उडतो. म्हणूनच या गाड्यांना पुढे ऑइल कूलर लागतात. मे महिन्यात कसारा घाट चढताना, एसी चालू, टॅकोमीटर वर, अशा वेळी रोटरच्या आतल्या ऑइलला जे भोगावं लागतं, त्यात सिंथेटिकचा फायदा खरा आहे. ते उष्णतेनं लवकर घट्ट होत नाही, रिंगांच्या खाचांत कोक, म्हणजे कडक काजळी, होऊन बसत नाही. शर्यतीवाल्यांनी सिंथेटिक पसंत केलं, ते याचसाठी.

पण सिंथेटिकचं दुसरं मोठं आकर्षण म्हणजे 'पंधरा हजार किलोमीटर बघायला नको'. ते रोटरीत वाया जातं. या इंजिनात पेट्रोल सीलच्या कडेनं चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. म्हणून पाच हजाराच्या आसपास बदलायचंच. शिवाय तेवढ्यात दोन-तीन लिटर जळून वरून नवं ओतलेलं असतं. जे ऑइल वर्षभर राहणार नाही, त्याला वर्षभराचं भाडं कशाला द्यायचं?

आपल्याकडे रोटरी गाडी कधी शोरूममध्ये विकायला आलीच नाही. बाहेरून आणलेल्या मोजक्या. त्यातली एक आरएक्स-८ माझ्या एका स्नेह्यानं गंगापूर रोडला आणली होती. डोळ्यांत तेल घालून जपायचा, एवढंच की तेल डोळ्यांत घालायचा, इंजिनात नाही. ऑइल त्यानं सगळ्यात महागाचं मागवलेलं, पूर्ण सिंथेटिक. सर्व्हिस केली एका नावाजलेल्या गॅरेजात, तिथल्या मेस्त्रीनं आयुष्यात रोटरी पाहिली नव्हती. त्यानं स्टिकर लावला, 'पुढचा ऑइल चेंज दहा हजार'. स्नेही निश्चिंत. चार हजारावर माझ्याकडे आली तेव्हा गाडी गरम असताना सुरू होत नव्हती. डिपस्टिक काढली, पुसली, घातली, काढली. कोरडी. पुन्हा केलं. टोकाला थेंब. चेंबरमधून जेमतेम अर्ध्याहून कमी ऑइल निघालं. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, एका रोटरवर पार उतरलेलं.

तो मला विचारत होता, "ऑइल चुकीचं घेतलं का?" मी त्याला म्हटलं, चांगलं होतं रे, फक्त नव्हतंच.

साधा हिशेब ठेवा: दीड-दोन हजार किलोमीटरला लिटरभर जाणं हे या गाडीत नॉर्मल. नाशिक-मुंबईच्या पाच-सहा वेळा जाऊन-येऊन फेऱ्या झाल्या, की लिटर गेला. दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक बघायची. उलट, ऑइल अजिबात कमी होत नसेल तर घाबरा. मीटरिंग पंप किंवा नळी बंद पडली असेल. मला असली शाबासकी घ्यायला आलेले मालक भेटलेत, "बघा, थेंबही पीत नाही!"

ग्रेडचं थोडक्यात. अमेरिकेत ५डब्ल्यू-२०, बाकी बऱ्याच ठिकाणी त्याच इंजिनाला ५डब्ल्यू-३०. पातळ ऑइलमागे तिकडचा मायलेजचा आग्रह मोठा. आपल्याकडे निफाडची थंडी गाजते, पण पारा चार-पाचावर आला तरी ५डब्ल्यू किंवा १०डब्ल्यूला काही अडचण नाही. आपला प्रश्न उन्हाळ्याचा. मी ३० च्या खाली जात नाही.

मग मी काय घालीन? रोजच्या वापराची गाडी असेल, तर चांगल्या कंपनीचं, सीलबंद डब्यातलं साधं किंवा सेमी-सिंथेटिक, ३० ग्रेडचं, पाच हजाराला बदलून. ट्रॅकवर नेणार असाल, तर सिंथेटिक घाला, पण राख पाहून. आणि बजेटमध्ये पैसे उरले, तर ते टू-टी मध्ये घाला. त्यावर येतो, कारण मागे हात वर दिसतोय. विचारा.

(एका विद्यार्थ्यानं विचारलं, की पेट्रोलमध्ये टू-टी मिसळलं तर चेंबरमधल्या ऑइलचा प्रश्नच मिटतो का.)

पूर्ण मिटतो असं नाही, पण बराचसा सुटतो. दोन नोकऱ्या दोघांना वाटल्या जातात. जळायला टू-टी, राहायला चेंबरचं. काही हौशी लोक मीटरिंग पंपालाच वेगळ्या टाकीतून टू-टी देतात, म्हणजे आपल्या आरएक्स हंड्रेडसारखं. माझदालाही हे कळत होतं. २००९ च्या आरएक्स-८ ला त्यांनी प्रत्येक रोटरवर ऑइल सोडायची जागा दोनाची तीन केली. पण प्रमाण चेतकचं धरू नका. लिटरला वीस मिली टाकलंत, तर धूर होईल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वैतागेल. मीटरिंग पंप चालू असताना लिटरला चारेक मिली पुरे, पंप काढून टाकला असेल तर आठ. पन्नास लिटर भरलं तर दोनशे मिली. आधी टू-टी ओता, मग पेट्रोल, म्हणजे नळाच्या जोरानं आपोआप मिसळतं.

(दुसरा प्रश्न: गाडी नुसती सावलीत लावायला अर्धा मिनिट सुरू केली तर काय बिघडतं?)

हा धोका तर गाडीवाल्यांना माहीतच नसतो, बरं झालं विचारलंत. थंड इंजिन सुरू केलंत आणि लगेच बंद केलंत, तर आत जास्तीचं पेट्रोल राहतं. ते भिंतीवरची ऑइलची ओल धुऊन काढतं, सील कोरडं पडतं, कॉम्प्रेशन बनत नाही आणि दुसऱ्या दिवशी गाडी सुरूच होत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी जाते. सुरू केलीच, तर पाच-दहा मिनिटं गरम होऊ द्या, मग बंद करा. नुसती हलवायची असेल, तर न्यूट्रल करा आणि दोन मुलं बोलवा. ढकला.