"पिचरला काढलंच का?" हा प्रश्न चुकीचा आहे

[कॅमेऱ्याकडे बघत, थेट सुरुवात]

२७ ऑक्टोबर २०२०. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनचं ग्लोब लाइफ फील्ड. वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या फायनलची, सहावी मॅच; चार मॅच जिंकेल तो चॅम्पियन. सिरीजमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स ३-२ ने पुढे, म्हणजे टॅम्पा बे रेज ही मॅच हरले की खेळ खल्लास. पण मॅचमध्ये रेज १-० ने आघाडीवर आहेत. सहावी इनिंग, एक आऊट. रेजचा पिचर ब्लेक स्नेलने नऊ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर आऊट) केलेत, एकालाही वॉक (चार चुकीच्या बॉलवर फुकट फर्स्ट बेस) दिलेला नाही, हिट दोनच, आणि त्यातला दुसरा डॉजर्सच्या ऑस्टिन बार्न्सने आत्ता मारलाय. बॉल टाकलेत फक्त ७३. आणि रेजचा मॅनेजर केविन कॅश डगआऊटमधून बाहेर येतो आणि स्नेलच्या हातातून बॉल काढून घेतो.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. रिलीव्हर, म्हणजे मधून येणारा बदली पिचर, निक अँडरसन आला. डॉजर्सच्या मुकी बेट्सने डबल (थेट सेकंड बेसपर्यंत नेणारा हिट) मारला. मग वाइल्ड पिच (कॅचरला न अडवता आलेला भरकटलेला बॉल), बार्न्स घरी, म्हणजे एक रन, १-१. कोरी सीगरने फर्स्ट बेसकडे ग्राउंडर मारला, बेट्स घरी, २-१. आठव्या इनिंगला बेट्सचा होम रन. ३-१. डॉजर्स चॅम्पियन.

तेव्हापासून रेजच्या फॅनचा एकच सूर आहे: स्नेलला काढलंच का? आकडेवारीवाल्यांनी खेळाचं वाटोळं केलं.

राग शंभर टक्के रास्त आहे. पण तो काढतोय चुकीच्या जागी. अशा वेळी पहिला प्रश्न "काढलं का" नसतो, "आणलं कुणाला" हा असतो. आजच्या व्हिडिओत तेच बघू. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणारी, क्रिकेट सोडून ऑक्टोबरात बेसबॉलला चिकटलेली बरीच मंडळी हे चॅनल बघतात, तर नियमांपासून सुरुवात करतो.

[स्क्रीनवर: तीन नियम]

क्रिकेटमध्ये बुमराहला दोन ओव्हर दिल्या, थांबवलं आणि डेथला परत आणलं, असं चालतं. बेसबॉलमध्ये मॅचमधून काढलेला खेळाडू परत येत नाही. त्यामुळे स्नेलला काढायचं म्हणजे त्या रात्रीपुरता कायमचा निरोप. दुसरं, २०२० पासून आलेला पिचर किमान तीन बॅटरना बॉल टाकतो किंवा इनिंग संपवतो, मधूनच उचलायचा नाही, अपवाद दुखापतीचा. म्हणजे चुकीचा माणूस आणलात तर तीन बॅटर तो तुमच्या गळ्यात. तिसरं, मॅनेजर एकाच इनिंगमध्ये एकाच पिचरकडे दुसऱ्यांदा गेला की त्या पिचरला काढावंच लागतं. बाकी नियम आज सोडून देऊ.

आता कॅशच्या डोक्यात काय होतं? मॅचनंतर त्याने स्वतःच सांगितलं: बेट्स आणि सीगरने स्नेलला तिसऱ्यांदा बघू नये, एवढाच हेतू.

याचा हिशोब मांडू. स्नेलने १६ आऊट काढले आणि दोन हिट दिले. १६ अधिक २, म्हणजे १८ बॅटर. नऊ जणांच्या दोन फेऱ्या बरोब्बर पुऱ्या. बार्न्स नववा बॅटर, त्यामुळे पुढे पहिल्या नंबरचा बेट्स, तिसऱ्या फेरीला. स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर, तिसऱ्या फेरीत जास्त मार खातो ही अफवा नाही, वर्षानुवर्षांच्या नोंदी तेच सांगतात. कारणं दोन. हात थकतो, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: बॅटरने तोपर्यंत या पिचरचे आठ-दहा बॉल पाहिलेले असतात. स्लायडर (बाजूला वळणारा बॉल) हातातून सुटताना कसा दिसतो, दोन स्ट्राइक झाल्यावर हा काय टाकतो, हे त्याला कळायला लागतं. त्यामुळे पिचर ताजा असला तरी नुकसान होतंच. ७३ बॉलच टाकले होते, हा युक्तिवाद इथे अर्धाच लागू पडतो.

आणि स्नेलच्या चाहत्यांना न आवडणारी गोष्ट: २०२० च्या अख्ख्या सीझनमध्ये स्नेलने एकदाही सहा इनिंग पूर्ण केल्या नव्हत्या. कॅशने त्या रात्री नवीन काही केलं नाही. वर्षभर जे केलं, तेच केलं.

मग चुकलं कुठे?

तिसऱ्या फेरीचा आकडा ही सगळ्या स्टार्टरांची सरासरी आहे. त्यात धापा टाकणारेही आले आणि झोकात असलेलेही. त्या रात्री बेट्स, सीगर आणि जस्टिन टर्नर हे पहिले तिघे स्नेलसमोर मिळून सहा वेळा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआऊट झाले. शिवाय स्नेल डावखुरा, आणि उजव्या हाताचा बेट्स त्या वर्षी उजव्या पिचरांना झोडपत होता, डावखुऱ्यांसमोर चाचपडत होता. म्हणजे कॅशने बेट्ससमोरून नेमका डावखुरा काढला आणि उजवा आणला. बेट्सच्या मनासारखं झालं.

पण सगळ्यात मोठी चूक अँडरसन. रेग्युलर सीझनमध्ये त्याचा ईआरए, म्हणजे फील्डिंगच्या चुका वगळून नऊ इनिंगमागे दिलेल्या रन, ०.५५ होता. कागदावर टीमचा सगळ्यात भारी रिलीव्हर. पण ऑक्टोबरात, म्हणजे प्लेऑफमध्ये, या मॅचच्या आधी, तो सलग सहा वेळा आला आणि सहाही वेळा त्याने रन दिली. सहा! डोळ्यांसमोर एवढं दिसत असताना ०.५५ ला कवटाळून बसणं, ही तक्रार जर तुम्ही केलीत तर तिला उत्तर नाही. आकडे वापरले हा दोष नव्हता. जुने वापरले, हा होता.

[कट. नवा फ्रेम]

आता याच्या उलटी केस. इथे एकही आकडा कुणी मानला नाही.

४ ऑक्टोबर २०१६, टोरंटो. वाइल्ड कार्ड, म्हणजे प्लेऑफची पहिली पायरी, एकच मॅच, हरला तो बाहेर. बाल्टिमोर ओरिओल्स विरुद्ध ब्लू जेज, २-२, अकरावी इनिंग, ब्लू जेज बॅटिंगला. ओरिओल्सकडे झॅक ब्रिटन हा क्लोजर, म्हणजे शेवटी मॅच संपवायला येणारा रिलीव्हर, आहे. त्या वर्षी ४७ सेव्हच्या (आघाडी टिकवून मॅच संपवायच्या) संधी, ४७ सेव्ह, ईआरए ०.५४. त्याचा सिंकर असा की बॅटर बॉल हवेत मारूच शकत नाही, जमिनीवरच आपटतो.

मॅनेजर बक शोवॉल्टरने आणला उबाल्डो हिमेनेझला. एक आऊट झालेला होता. डेव्हन ट्रॅव्हिसचा सिंगल. जॉश डोनाल्डसनचा सिंगल, ट्रॅव्हिस थर्ड बेसवर. थांबा इथे. फर्स्ट आणि थर्डला रनर, एक आऊट. या क्षणी काय हवं? जमिनीवरचा एक बॉल, डबल प्ले (एका बॉलवर दोन आऊट), इनिंग खलास. आणि असा बॉल मारायला लावणारा जगातला सगळ्यात भरवशाचा माणूस, ब्रिटन, बुलपेनमध्ये (रिलीव्हर बसतात आणि तयार होतात तिथे) बसलाय. एडविन एन्कार्नासिओनने पहिलाच बॉल स्टँडमध्ये मारला. ५-२. ब्रिटनने त्या मॅचमध्ये एकही बॉल टाकला नाही.

का? सेव्हच्या नियमापायी. सेव्ह ही १९६९ पासूनची अधिकृत नोंद आहे. साधारणपणे शेवटची एक इनिंग टाकायची, आघाडी तीन रनपर्यंतची हवी, आणि ती टिकवायची. पाहुण्या टीमला बरोबरीत असताना ती मिळूच शकत नाही, कारण टिकवायला आघाडी नाही. म्हणून जुनी रीत: पाहुणे असाल तर क्लोजर आघाडी मिळेपर्यंत राखून ठेवा. पण नवव्या किंवा त्यापुढच्या इनिंगला बरोबरीत असताना यजमानांनी एक रन केली की मॅच तिथेच संपते, मग राखून ठेवलेला क्लोजर कुणाच्या कामाचा? त्याच ऑक्टोबरात क्लीव्हलँडचा टेरी फ्रँकोना अँड्र्यू मिलरला पाचव्या-सहाव्या इनिंगला, जिथे मॅच अडकलीय तिथे, आणत होता. मिलर एएलसीएसचा, म्हणजे अमेरिकन लीगच्या फायनलचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला. दोन्ही टीम एकाच लीगमधल्या, महिना एकच.

[स्क्रीनवर: कोरा तक्ता, वर तारखा, डावीकडे नावं]

आता कामाची गोष्ट. तुमची टीम सीझनभर बघत असाल तर शिव्या घालण्याआधी हा तक्ता करा. कागदावर केलात तरी चालेल.

डावीकडे बुलपेनमधल्या आठ जणांची नावं. वर गेले चार दिवस. प्रत्येक चौकटीत त्या दिवशी टाकलेले बॉल. बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात, शेवटाकडे "२४-१५" असं काहीतरी असतं, त्यातला पहिला आकडा एकूण बॉल, दुसरा स्ट्राइक. तुम्हाला पहिला घ्यायचाय. मग ढोबळ नियम: काल १५ च्या आत टाकले असतील तर आज तो चालतो. काल २५-३० किंवा जास्त, तर आज बहुतेक सुट्टी. सलग दोन दिवस आला असेल तर तिसऱ्या दिवशी सहसा नाही. चार दिवसांत तीनदा आला असेल तर त्याच्या नावावर फुली मारा. टीमगणिक थोडाफार फरक पडतो, पण एवढ्यावर "आपला तो भारी रिलीव्हर का नाही आणला" याचं उत्तर बऱ्याचदा तक्त्यातच सापडतं.

दोन ठिकाणी हा तक्ता फसवतो. एक, बुलपेनमध्ये उठवून गरम केलं, वीस बॉल टाकायला लावले आणि मग परत बसवलं, हे बॉक्स स्कोअरमध्ये येत नाही. हात मात्र तेवढाच दमतो. टीव्हीवर कॅमेरा बुलपेनकडे वळला की कोण उठलंय ते टिपून ठेवा. काही मॅनेजर एकाच पिचरला रात्रीतून दोनदा उठवतात आणि आणतच नाहीत. ऑगस्टपर्यंत त्याचा वेग का पडला, म्हणून सगळे चकित होतात. मला तर खेळाडूंच्या वापरातला हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा गुन्हा वाटतो.

दुसरी फसवणूक ईआरएची. आधीच्या पिचरने बेसवर ठेवलेला रनर घरी आला तर रन त्या आधीच्याच्या खात्यात जाते. बार्न्सची रन स्नेलच्या नावावर लागली. म्हणून रिलीव्हरचा ईआरए बघताना त्याला मिळालेल्या रनरपैकी किती घरी आले, हेही बघा. आल्या आल्या दुसऱ्याचे रनर घरी सोडणारा माणूस ईआरएमध्ये साधूसारखा दिसू शकतो.

[पुन्हा क्लोज-अप]

आता मॅनेजरच्या वर बसलेल्यांकडे येऊ. रोस्टर, म्हणजे टीमची यादी, २६ जणांची, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. पाच स्टार्टर, आठ रिलीव्हर धरा. सीझन १६२ मॅचचा. स्टार्टर पाच इनिंग टाकून गेला तर रोज उरतात चार. १६२ गुणिले ४, म्हणजे ६४८ इनिंग. आठ जणांत वाटल्या तर प्रत्येकी ८१. ब्रिटनने आपल्या त्या सुवर्णवर्षात ६७ टाकल्या होत्या! म्हणजे हिशोब मुळातच बसत नाही. जेम्स शील्ड्सने २०११ मध्ये याच रेजकडून ११ मॅच एकट्याने पूर्ण केल्या होत्या. आता अख्ख्या टीमच्या मिळूनही तेवढ्या होत नाहीत.

मग फ्रंट ऑफिस काय करतं? काल ४० बॉल टाकलेल्या पोराला ट्रिपल-एला, म्हणजे खालच्या पायरीच्या टीमला, पाठवतं आणि तिथून ताजा हात बोलावतं. खाली पाठवलेला पिचर दुखापतीच्या बदलीत आला नाही तर १५ दिवस परत येऊ शकत नाही, आणि एका सीझनमध्ये एका खेळाडूला पाचदाच असं पाठवता येतं. मॅनेजरकडे आज कोण आहे, हे असं आधीच ठरलेलं असतं. ऑगस्टमध्ये बुलपेन कोसळली तर शिव्या डगआऊटला देण्याआधी विचारा: हिवाळ्यात सहा इनिंग टाकणारा स्टार्टर घ्यायला कुणी नको म्हटलं होतं?

प्लॅन आधीच ठरवून ठेवला की काय होतं, ते ४ ऑक्टोबर २०२३ ला मिनिॲपोलिसमध्ये दिसलं. ब्लू जेजचा होसे बेरिओस तीन इनिंग मस्त टाकतोय, पाच स्ट्राइकआऊट, ४७ बॉल. चौथीच्या सुरुवातीला मिनेसोटा ट्विन्सच्या रॉइस लुइसला वॉक दिला आणि मॅनेजर जॉन श्नायडरने त्याला काढलं. ट्विन्सचे डावखुरे बॅटर बघून डावखुरा युसेई किकुची आणायचा, असा डाव होता (डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर सहसा जड जातो). ट्विन्सने त्याच इनिंगला दोन रन केल्या आणि मॅच २-० ने घेतली. इथे "काढलं का" हाही प्रश्न वैध आहे, कारण दुसरी फेरी नुकतीच सुरू झाली होती आणि थकव्याचा तर विषयच नव्हता. समोर बेरिओस कसा टाकतोय, हे प्लॅनमध्ये लिहिलेलं नव्हतं एवढंच.

आणि आपल्या, म्हणजे फॅनच्या, मनासारखं झालं की? १ नोव्हेंबर २०१५, न्यूयॉर्क, वर्ल्ड सिरीजची पाचवी मॅच. मेट्स २-० ने पुढे, मॅट हार्वीच्या आठ इनिंग झालेल्या, १०० हून जास्त बॉल टाकलेले. मॅनेजर टेरी कॉलिन्स क्लोजर आणणार होता. हार्वी म्हणाला, मीच टाकणार. अख्खं स्टेडियम त्याच्या नावाने ओरडत होतं. कॉलिन्सने ऐकलं. समोरच्या कॅन्सस सिटीच्या लोरेन्झो केनला वॉक, एरिक हॉस्मरचा डबल, २-१. मग क्लोजर आला तो रनर बेसवर असताना, आणि बरोबरी झाली. बाराव्या इनिंगला कॅन्सस सिटी रॉयल्स ७-२ ने जिंकले आणि सिरीज घेऊन गेले.

शेवटची एक गोष्ट टिपून ठेवा. रिलीव्हरला तयार व्हायला पाच ते दहा मिनिटं लागतात. म्हणजे मॅनेजर माउंडकडे (पिचर उभा असतो त्या उंचवट्याकडे) चालत येतो तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो. तो झालेला असतो बुलपेनचा फोन वाजला तेव्हा. त्यामुळे तुमचा स्टार्टर पाचवी-सहावी इनिंग टाकत असताना बुलपेनकडे बघा. दोघं उठलेत, एक डावखुरा, एक उजवा, तर मॅनेजरने स्वतःला पर्याय ठेवलाय. एकटाच उठलाय, आणि पुढचे तीन बॅटर त्याच्या हाताला न जुळणारे आहेत, तर रागवायची वेळ तीच. कमेंट तेव्हाच टाका, मॅच संपायच्या आधी. आणि मिनिट लिहायला विसरू नका.