५१,००८ बाइट्ससाठी एक कंपायलर

(सांगलीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

हा वायफाय डोंगल बघा. यात एथेरॉसची एआर ९२७१ ही चिप आहे. लॅपटॉपला लावला की लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, लॉगमध्ये एक ओळ येते: फर्मवेअर पाठवलं, आकार ५१,००८. बाइट्स बरं का, म्हणजे जेमतेम पन्नास केबी. फर्मवेअर म्हणजे उपकरणाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम. डोंगल लावला की दर वेळी ड्रायव्हर ही फाइल डिस्कवरून उचलून त्याच्या रॅममध्ये भरतो. उपटला की सगळं पुसलं. आज बोलायचंय ते या पन्नास केबीबद्दल.

बहुतेक वायफाय कार्डांची ही फाइल तयार, बंद स्वरूपातच मिळते. सोर्स, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ कोड, मागायचा नाही. डेबियन या लिनक्सच्या वितरणानं अशा फाइली वर्षानुवर्षं पॅकेजेसच्या मुख्य भांडाराबाहेर ठेवल्या. त्यामुळे गंमत अशी व्हायची, की वायफायचं फर्मवेअर उतरवून घ्यायलाच आधी वायफाय हवं. २०२२ साली डेबियनच्या विकासकांचं मतदान झालं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून बंद फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येतं. सोय झाली. मला स्वतःला तो निर्णय पटला, काही मित्रांना अजून पटलेला नाही.

आपल्या ९२७१ चं मात्र तसं नाही. तिच्या फर्मवेअरचा सोर्स २०१३ साली खुला झाला. मला वाटलं, आता काय राहिलं? मेक ही बांधणीची आज्ञा द्यायची आणि डेबियनचं पॅकेज बांधायचं, म्हणजे कुणालाही थेट इन्स्टॉल करता येईल अशी गठडी. एका रविवारी सकाळी भडंगाचा डबा घेऊन बसलो.

पहिला तास परवान्यांत, म्हणजे कोड वापरायच्या अटींत, गेला. कुठल्या फाइलवर बीएसडीचा एक प्रकार, कुठे एमआयटी, कुठे जीपीएल. पॅकेज करणाऱ्याला हे सगळं वाचून कॉपीराइटच्या फाइलीत नोंदवावं लागतं. कंटाळवाणं काम, पण अवघड नाही.

खरी गोची पुढे होती. चिपच्या आत एक्सटेन्सा नावाचा प्रोसेसर आहे. तो एकाच साच्याचा नसतो. चिप बनवणारा आपल्याला हव्या त्या सूचना ठेवतो, नको त्या काढतो. सोर्सचं चिपला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करतो तो कंपायलर; जीसीसी हा त्यातलाच एक. त्यामुळे जीसीसीला ही विशिष्ट चिप समजावून सांगणारे पॅच, म्हणजे सोर्समधले छोटे बदल, लावावे लागतात. म्हणजे फर्मवेअर बांधण्याआधी कंपायलर बांधा! मूळ प्रकल्पाची मेकफाइल त्यासाठी जीसीसी, त्याच्या जोडीची बिनयुटिल्स ही साधनं वगैरे थेट इंटरनेटवरून ओढते. घरी चालून जातं. डेबियनमध्ये नाही चालत, कारण पॅकेज बांधताना बाहेरचं काही उतरवायचं नाही असा नियम आहे. मग भांडारातच असलेला जीसीसीचा सोर्स घ्यायचा, त्याला पॅच लावायचे, त्यातून कंपायलर काढायचा आणि त्या कंपायलरनं पन्नास केबी. माझा जुना लॅपटॉप दुपारभर तापत होता.

पुढे वितरणात जीसीसीची नवी आवृत्ती आली आणि पॅच बसेना. फर्मवेअरच्या सोर्समधली एक ओळही बदललेली नव्हती, तरी पॅकेज मोडलं.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमता झणकार, काढताना कुणी पाहिलंय? तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासायची, तार छेडून ऐकायचं, परत घासायचं. तंबोरा कुणाही कारागिराचा असो, दुसरा कारागीर जवारी काढू शकतो, कारण घोडी उघडी असते. पण हातात कानस हवी. सोर्स म्हणजे उघडी घोडी. कंपायलर ही कानस. परवाना उघडा असून कानस गंजली, तर तयार फाइल जपून ठेवण्यापलीकडे काय उरतं? म्हणून मी तयार फाइल पॅकेजमध्ये टाकत नाही, दर वेळी सोर्समधूनच बांधतो. मोडलं तर आजच कळतं.

एक सोपी गोष्ट राहिली. हे फर्मवेअर तुमच्या प्रोसेसरवर चालतच नाही, डोंगलच्या आतल्या प्रोसेसरवर चालतं. त्यामुळे इंटेल असो की रास्पबेरी पाय, पॅकेज एकच.

मागून प्रश्न आला, की हे कार्ड तर जुनं, वेग कागदावर दीडशे एमबीपीएस, मग घ्यायचं कशाला? वेग हवा असेल तर घेऊच नका. आतलं वाचायचं असेल तर घ्या, पण डब्यावरच्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका. मी तेच नाव बघून दुसरा आणला, तर पुढच्या आवृत्तीत चिपच वेगळी निघाली. दुकानातच लॅपटॉपला लावा, यूएसबीच्या यादीत ९२७१ दिसलं तरच पैसे द्या. तो दुसरा माझ्या पिशवीत पडलाय, कुणाला हवा असेल तर जाताना घेऊन जा.