पंपाच्या विहिरीतली साखळी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या खानदेशात पडीक विहीर उपसायची असली की जाणती माणसं आधी दोराला कंदील बांधून खाली सोडायची. ‘दिवा इझना ते उतरानं नही,’ म्हणजे दिवा विझला तर उतरायचं नाही, असं माझे आजोबा म्हणायचे. जमिनीखालचं धान्याचं पेव उघडलं तरी तेच. आधी वारा खेळू द्यायचा, मग कंदील, मग माणूस.

हे आज आठवलं ते सांडपाणी प्रक्रिया केंद्रांमुळे. तापी, गिरणा, पांझरा नासू नयेत म्हणून ही केंद्रं हवीतच. पण तिथंही विहिरी असतात. गावभरचं गटार त्यांत येऊन पडतं आणि पंप ते वर उचलतात. या विहिरीत कंदील सोडणं म्हणजे घात. सांडपाण्यातून निघणारा मिथेन पेट घेतो. आणि हायड्रोजन सल्फाइड जीव घेण्याइतका साचला तरी दिवा तेवतच राहतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं समजून माणूस उतरतो. तो कोसळला की दुसरा त्याला काढायला धावतो आणि तोही वर येत नाही.

नोकरीत असताना मी असंच एक केंद्र पाहायला गेलो होतो. चिंध्या अडकून पंप बंद पडला होता. खरं तर असा पंप वरूनच निघतो. दोन उभे गाइड पाइप, पंपाला साखळी, वर चेन पुली. ओढलं की पंप आपसूक सुटून वर येतो. मी साखळी हातात घेतली, तर एक कडी झिजून खिळ्याएवढी उरलेली. तोच हायड्रोजन सल्फाइड ओलाव्यात आम्ल होऊन लोखंडही खातो, काँक्रीटही. साखळीचा भरवसा नाही म्हणून एक पोरगा शर्ट काढून, कमरेला दोर बांधून काठावर उभा होता. त्याला थांबवलं. विहिरीतली हवा तपासायचा गॅस मीटर मागितला, तर तो कपाटात, पिशवीचं सील न फोडलेला. नोंदवहीत मात्र महिनाभर ‘हवा तपासली, ठीक’. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या.

‘केंद्र कंत्राटदार चालवतो,’ हे उत्तर मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. केंद्र पालिकेचं आहे. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानं सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याखालच्या नियमांत हवेची तपासणी आहे, काठावर किमान तीन माणसं आहेत, त्यांतला एक पर्यवेक्षक. गटारात मृत्यू झाला तर कुटुंबाला 30 लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं. त्या पैशात किती साखळ्या आल्या असत्या! आणि पैसे दिले तरी घरचा माणूस परत येत नाही.

स्थायी समितीत देखभालीचं बिल येतं तेव्हा किती पाणी शुद्ध झालं, वीज किती लागली, हे विचारलं जातं. साखळी कधी बदलली, हे कुणी विचारत नाही. माझी नगरसेवक भाऊबहिणींना कळकळीची विनंती आहे. गॅस मीटर तपासून आणल्याचा दाखला बिलाला जोडल्याशिवाय बिल मंजूर करू नका. सुधारणांसाठी पैसे मंजूर केले असतील, तर न कळवता केंद्रावर जा. माणसाला वर ओढायची तिपाई आणि अंगाला बांधायचा पट्टा, म्हणजे हार्नेस, लावून वाळूचं पोतं विहिरीतून वर काढून दाखवायला सांगा. किती मिनिटं लागली ते घड्याळात बघा. क्लोरीनचे सिलिंडर असतील तर गळती झाल्यावर शेजारच्या वस्तीला कोण कळवणार, त्याचं नाव विचारा. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो सखल भागाकडेच सरकतो.

नगरपरिषदेत हे काम मुख्याधिकाऱ्यांचं, आणि निवडून आलेले सदस्य नसतील तिथं प्रशासकांचं. आपण नागरिकही माहितीच्या अधिकारात दोन कागद मागू शकतो: हवा तपासल्याची नोंदवही आणि साखळी-दोर शेवटचे बदलल्याची तारीख. तारीख सांगता आली नाही, तर ती साखळी वर काढून दाखवा म्हणावं, आणि तोवर त्या विहिरीत कुणालाही उतरू देऊ नये.

नमस्कार.