पहाटे तीनची जाग

मंडळी, दारू मनाला काय करते हे पाहायचं तर संध्याकाळच्या पेल्यापासून नको, पहाटे तीनपासून सुरुवात करू. जाग येते, छाती धडधडते, मानेला घाम असतो, काल कुणाला बोललेलं एखादं वाक्य डोक्यातून जात नाही. माणूस डॉक्टरांकडे जातो आणि सांगतो, ‘टेन्शन आहे, झोपेची गोळी द्या.’ रात्रीच्या पेगांचा विषय निघतच नाही.

जरा हिशेब मांडू. काजूफेणी साधारण 42 टक्क्यांची. 60 मिलिलिटरच्या एका पेगात सुमारे 20 ग्रॅम मद्यार्क असतो. पाच टक्क्यांच्या बियरच्या 650 मिलिलिटरच्या बाटलीत त्याहून जास्त, सुमारे 25 ग्रॅम. त्यामुळे ‘मी फक्त बियर घेतो’ यात काही दिलासा नाही. आणि हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू? काजूच्या हंगामात ते मोजून ओततो कोण! लिंबू, मीठ, चिरलेली मिरची आणि भरलेला उंच ग्लास.

यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्क निपटतं. साडेआठला बसून फेणीचे तीन पेग घेतले, म्हणजे 60 ग्रॅम, तर सगळं उतरायला अडीच ते पाच वाजतात. जाग नेमकी त्याच सुमारास येते.

मेंदूत गाबा हे रसायन ब्रेकचं काम करतं आणि ग्लुटामेट वेग वाढवतं. दारू ब्रेक दाबते, म्हणून पहिल्या पेल्याला सैल वाटतं. रोज तसं होऊ लागलं की मेंदू आपला ब्रेक बोथट करतो आणि वेग वाढवून ठेवतो. दारू उतरते, वाढवलेला वेग तसाच राहतो. शिवाय पूर्वरात्री स्वप्नांची झोप दबते आणि उत्तररात्री झोप तुटत राहते. भीती शमवायला घेतलेला पेला दुसऱ्या दिवशीची भीती तयार करून ठेवतो, आणि ती घालवायला पुन्हा पेला लागतो.

उदासीचंही तसंच आहे. रोज पिणाऱ्याची उदासी दारूमुळे आलेली की मूळचीच, हे पीत असताना ओळखणं कठीण. पूर्ण बंद केल्यावर तीन-चार आठवड्यांत ती बऱ्याच जणांची ओसरते. राहिली तर तिच्यावर वेगळे उपचार हवेत. मात्र मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही वाट पाहू नका. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर फोन करा, नाहीतर थेट इस्पितळ गाठा.

आता सर्वांत महत्त्वाचं. सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घ्यावा लागतो, पूर्वी फिट आलेली आहे, किंवा रोज फेणीसारख्या कडक दारूची अर्धी बाटली जाते, अशा माणसाने नवस बोलून एका दिवसात दारू तोडू नये. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन भलतंच दिसू लागतं. यात जीवही जातो. इस्पितळात यावर आठवडाभर कमी-कमी करत गोळ्या देतात, आणि ग्लुकोजच्या सलाईनआधी बी-1 जीवनसत्त्व, थायमिन, टोचतात. बी-1 न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

घरच्यांना हात जोडून एक विनंती: दारू सोडवणारी पूड त्याच्या नकळत आमटीत मिसळू नका. अशा पुडीत डायसल्फिराम हे औषध असू शकतं. वर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो; हृदयरोग्याला हे झेपत नाही. औषध थांबवल्यावरही दोन आठवडे हा धोका राहतो. हे औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं.

मदत लांब नाही. आपल्या गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. गोव्यातच ‘संगत’ या स्वयंसेवी संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठकांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी बोलून फरक घडवला. 2017 साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. फार जड व्यसनापर्यंत न गेलेल्यांसाठी ही पद्धत आहे, आणि अशीच माणसं आपल्यात जास्त आहेत.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर चार गोष्टी लिहून न्या: गेल्या सात दिवसांत रोज किती मिलिलिटर, दिवसाचा पहिला पेला किती वाजता, शेवटचा कधी घेतला, आणि झोपेची गोळी चालू आहे का. गोळी आणि दारू एकत्र आली तर श्वास मंदावतो, म्हणून ही चौथी ओळ लपवू नका.