लोणार : न पाहिलेला घाव

(दृश्य : पहाट. लोणारचा कडा, खाली धुक्यातलं सरोवर.)

बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार. गावाच्या टोकाला जमीन एकाएकी संपते आणि समोर जवळजवळ गोल खड्डा उघडतो. या कड्यापासून त्या कड्यापर्यंत 1.8 किलोमीटर, खोली साधारण 150 मीटर. तळाशी खारं पाणी. कड्यालगत ‘धार’ म्हणतात त्या जागी मात्र गोमुखातून गोडं पाणी बारा महिने पडतं, आणि गावात आलेले यात्रेकरू आधी तिकडेच वळतात.

हा खड्डा पडला तेव्हाची एकही नोंद नाही. गोष्ट आहे. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली लपून बसायचा. विष्णूने तरुणाचं रूप घेतलं, पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. तळ्यातलं पाणी म्हणजे त्याचं रक्त. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ याच विष्णूचं. रचणाऱ्याने खड्डा बघूनच ही कथा रचली असणार, तरी एक गोष्ट तिने अचूक धरली आहे : इथे जे झालं ते एकदाच झालं, आणि एका दणक्यात झालं.

पण पाहणारं कुणी नव्हतं, तर ते ‘झालं’ असं आपण कशाच्या बळावर म्हणतो?

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली दगडाची पातळ चकती.)

भूवैज्ञानिकांचा पहिला अंदाज ज्वालामुखीचा होता, आणि तो सहज पटण्यासारखा होता. सगळं दख्खनचं पठारच साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं. त्यात एखादा फोड फुटला असेल, झालं. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था इथल्या संशोधकांनी मिळून तळाखालचे नमुने तपासले. 1973 साली निष्कर्ष छापून आला : हा अशनीचा, म्हणजे अवकाशातून पडलेल्या दगडाचा, आघात आहे.

पुरावा बघायला सूक्ष्मदर्शकच लागतो. बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या इथल्या काळ्या दगडात, फेल्डस्पार या खनिजाचे लांबट स्फटिक असतात. ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात चकती फिरवली की ते काळे-पांढरे पट्टे दाखवत उजळतात, विझतात, पुन्हा उजळतात. लोणारच्या काही चकत्यांत त्याच आकाराचा, त्याच कडांचा स्फटिक दिसतो. चकती फिरवा. काळा. आणखी फिरवा. काळाच. आकार तोच राहिला आणि आतली रचना पार मोडून काच झाली. न वितळता! या काचेला मस्केलिनाइट म्हणतात. ती पहिल्यांदा सापडली तीही आपल्याकडच्याच एका दगडात, 1865 साली बिहारात शेरघाटीला पडलेल्या अशनीत. असं व्हायला हवेच्या दाबाच्या लाखो पट दाब, तोही क्षणभर, लागतो. ज्वालामुखी भाजतो, वितळवतो. हे त्याच्या आवाक्यातलं काम नाही.

आपल्या न्यायशास्त्रात डोंगरावरच्या धुराचा दृष्टान्त आहे. धूर दिसला की पलीकडे अग्नी आहे असं कळतं, आग पाहायला डोंगर चढावा लागत नाही. ही काच म्हणजे लोणारचा धूर.

(दृश्य : काप्युटचं घर, जुनं छायाचित्र.)

14 जुलै 1930. बर्लिनजवळ काप्युट इथे आइन्स्टाइन यांच्या घरी रवींद्रनाथ ठाकूर आले होते. पाहणारं कुणी नसलं तरी जग असतं का, हाच प्रश्न तिथे निघाला. आइन्स्टाइन यांचं म्हणणं : घरात कुणी नसलं तरी हे टेबल जिथे आहे तिथेच राहतं. ठाकूरांनी टेबल नाकारलं नाही. ते व्यक्तीच्या मनाबाहेर आहे, पण विश्वमनाच्या बाहेर नाही, असं ते म्हणाले. माणसाशी ज्याचा काहीच संबंध नाही असं सत्य त्यांना मान्य नव्हतं.

हा वाद आपल्याकडे फार जुना. विज्ञानवादी बौद्ध (इथे विज्ञान म्हणजे जाणीव) म्हणत, बाहेरचा पदार्थ वेगळा नाहीच, आहे ती जाणीव. ती बाहेर असल्यासारखी भासते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात ‘असल्यासारखी’ हाच शब्द पकडला. बाहेर काहीच नसेल तर ‘बाहेरच्यासारखं’ तरी कशावरून म्हणता? विष्णुमित्र नावाचा माणूस वांझेच्या मुलासारखा दिसतो, असं कुणी म्हणतं का? शेवटी जग मिथ्या ठरवणाऱ्या आचार्यांनी इथे खांबाची आणि भिंतीची बाजू इतक्या ठामपणे घ्यावी, याची मला दर वेळी गंमत वाटते.

आता लोणारला परत. या घावाचं वय काय?

काचेतल्या उष्मादीप्तीवरून, म्हणजे ती तापवल्यावर बाहेर पडणाऱ्या साठलेल्या प्रकाशावरून, एक उत्तर मिळालं : सुमारे 52 हजार वर्षं. पुढे आरगॉन वायूच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) दुसरं आलं : सुमारे 5 लाख 70 हजार. फरक दहापटीहून जास्त. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. दोन आकडे आले म्हणून घाव दोनदा बसला, असं एकही भूवैज्ञानिक म्हणाला नाही. पहिल्या गटासाठी तो अलीकडे आणि दुसऱ्या गटासाठी फार पूर्वी बसला, असंही नाही. एक तरी आकडा चुकला आहे, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. चुकायचं तर ज्याच्याबाबत चुकायचं ते आपल्या मोजण्याआधीच ठरलेलं असावं लागतं. सगळं आपल्या जाणिवेतच असतं, तर भांडायला जागाच कुठे उरली असती?

एक गंमत अशी, की दोन्हीपैकी कुठलंही वय घेतलं तरी तेव्हा भारतीय उपखंडात दगडाची हत्यारं करणारी माणसं होती. म्हणजे कुणीतरी आभाळ फाटताना पाहिलंही असेल. पाहिलं असेल किंवा नसेल, चकतीतला तो काळा स्फटिक दोन्ही वेळी तसाच काळा.

(दृश्य : प्रयोगशाळा, लेझरचा किरण.)

इथे क्वांटम सिद्धांताचं, म्हणजे अणू आणि त्याहून बारीक कणांच्या भौतिकशास्त्राचं, नाव निघतंच. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी 1964 साली एक गणिती कसोटी मांडली. क्लाउझर, आस्पे, झायलिंगर यांच्या प्रयोगांनी ती लावून पाहिली, आणि 2022 साली तिघांना नोबेल मिळालं. फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) जोडीतल्या प्रत्येकाचे गुण मोजण्याआधीच, आपापल्या जागी, ठरलेले असतात हे साधं चित्र त्या प्रयोगांत टिकलं नाही. हे खरंच विचित्र आहे, आणि ते झटकून टाकण्यात अर्थ नाही. पण त्यावरून ‘बघितल्याशिवाय काहीच नसतं’ म्हणणं ही उडी फार लांबची. अवकाशातून येणारा दगड हा एकटा, जपून ठेवलेला फोटॉन नसतो. वाटेवरचा प्रकाश, मग हवेचे असंख्य रेणू त्याच्यावर आदळत असतात, आणि तो कुठे आहे याच्या खुणा आजूबाजूला पसरत जातात. त्यासाठी माणसाचा डोळा लागत नाही.

(दृश्य : जून 2020. गुलाबी सरोवर.)

जून 2020 मध्ये हे पाणी गुलाबी झालं. लोकांनी कड्यावरून फोटो काढले, बातम्या झाल्या, आणि रंग ‘अचानक’ बदलला असं सगळीकडे छापून आलं. अचानक आपल्यासाठी. पाणी त्याआधीच आटत होतं, क्षार वाढत होते, आणि खारटपणात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव एकाचे दोन, दोनाचे चार होत होते. आपल्या डोळ्यांना रंग कळायला ते पुरेसे होईपर्यंत तिकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

वन विभागाने पाण्याचे नमुने भरून पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ते तपासले गेले. नमुना स्थिर राहिला तसे सूक्ष्मजीव हळूहळू तळाशी बसले, आणि वरचं पाणी नितळ झालं.