चेलो, ब्रश आणि एक अरुंद मंच

श्रोतेहो, नमस्कार.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि जाझ यांना एका मंचावर बसवायची धडपड जुनी आहे. दारियुस मियो या फ्रेंच संगीतकारानं 1922 साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत जाझ ऐकलं आणि पुढच्याच वर्षी ते आपल्या बॅलेच्या संगीतात उतरवलं. 12 फेब्रुवारी 1924 ला न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये जॉर्ज गर्श्विन हा अमेरिकन संगीतकार स्वतः पियानोवर बसला आणि त्यानं ‘रॅप्सडी इन ब्लू’ ही जाझच्या ढंगातली आपली रचना पहिल्यांदा लोकांना ऐकवली. 1938 मध्ये बार्टोक या हंगेरियन संगीतकारानं बेनी गुडमन या जाझच्या क्लॅरिनेटवादकासाठी क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि पियानो अशा तिघांची रचना केली. ही नावं तुमच्या कानांवरून गेलेली असतील, म्हणून तिथे थांबत नाही.

आज बोलायचं आहे ते लहान संचाबद्दल. ज्याला तिकडे चेंबर म्युझिक म्हणतात, त्या बैठकीच्या संगीताबद्दल. चारपाच माणसं, समोर छडी हलवणारा संचालक नाही, कुणी कधी सुरू करायचं आणि कधी थांबायचं हे एकमेकांच्या श्वासावरून ओळखायचं. जाझचा लहान संचही नेमका असाच चालतो. दोघांचं पटायला खरं तर काहीच अडचण नव्हती. मग अडलं कुठे?

अडलं ते आवाजाच्या मापात. व्हायोलिन, त्याच्याहून जरा मोठा व्हायोला आणि बसून गुडघ्यांत धरायचा त्यांचा थोरला भाऊ चेलो, ही वाद्यं मायक्रोफोन नसलेल्या खोल्यांसाठी घडलेली. जाझचा ड्रम नाचघरात वाढलेला. घरात मिक्सर चालू असला की पलीकडच्या खोलीतलं बोलणं जसं कळत नाही, तशी ड्रमपुढे चेलोची गत होते. म्हणून माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो: शास्त्रीय आणि जाझ यांचं खरं मिश्रण रचनाकाराच्या कागदावर ठरत नाही, ते ड्रम वाजवणाऱ्याच्या मनगटात ठरतं. पुन्हा सांगतो, ड्रम वाजवणाऱ्याच्या मनगटात.

हे मला कुठे पटलं, तर चिको हॅमिल्टनच्या पाच जणांच्या संचात. आणि त्या संचाची एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

चिको हॅमिल्टन हा लॉस एंजेलिसचा. जन्म 1921. ड्रमवादक. 1952 मध्ये जेरी मलिगन या सॅक्सोफोनवादकानं चार जणांचा एक संच काढला होता, त्यात पियानोच नव्हता. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बास (म्हणजे उभं राहून वाजवायचं, खालच्या स्वरांचं मोठं तंतुवाद्य) आणि ड्रम, एवढंच. पियानो नाही म्हटल्यावर सुरांचा गालिचा अंथरणारं कुणी उरलं नाही, प्रत्येक वादक उघडा पडला. अशा संचात धडाधडा वाजवणारा ड्रमर चाललाच नसता. हॅमिल्टन तिथे ब्रशनं वाजवायचा. ब्रश म्हणजे पातळ तारांचा पंखा. तो कातड्यावर आपटण्यापेक्षा फिरवला जास्त जातो, आणि त्यातून येते ती सळसळ. ठेका तर आहे, पण त्याच्यातून पलीकडचं सगळं ऐकू येतंय. त्याआधीपासून हॅमिल्टन लीना हॉर्न या गायिकेची साथ करत होता. गायिकेची साथ करणाऱ्याला शब्द झाकायची मुभा नसते. ही शिस्त त्याच्या हातात मुरलेली होती.

दुसरा माणूस फ्रेड कॅट्झ. ब्रुकलिनचा, जन्म 1919. लहानपणापासून चेलो आणि पियानो, दोन्हींवर हात. शिक्षण सगळं शास्त्रीय. पण पोटासाठी तो गायकांना पियानोची साथ करायचा, आणि त्यात लीना हॉर्नही होती. हॅमिल्टननं 1955 मध्ये स्वतःचा संच उभा केला तेव्हा कॅट्झला बोलावलं ते पियानो वाजवायला. नीट लक्षात घ्या, पियानो वाजवायला. चेलोसाठी नव्हे.

लाँग बीच या शहरात स्ट्रोलर्स नावाचा क्लब होता. तिथे हा संच वाजवायचा. रात्रीच्या क्लबमध्ये वादकांना मध्ये मध्ये विश्रांती असते. लोक पेय मागवतात, गप्पा मारतात, वादक पाय मोकळे करायला बाहेर जातात. कॅट्झ मात्र या मधल्या वेळात आपला चेलो काढायचा, मंचाच्या पुढच्या बाजूला खुर्ची घ्यायचा आणि एकटाच वाजवत बसायचा. ठेका नाही, साथ नाही. शास्त्रीय संगीत शिकलेल्या माणसाला दिवसभर दुसऱ्यांच्या गाण्यांमागे पियानो वाजवल्यावर आपल्या वाद्याची भूक लागत असणार, हे मला अगदी समजतं.

एका रात्री तो असाच डोळे मिटून वाजवत होता. विश्रांती संपली. बाकीचे एकेक करून मंचावर आले आणि आपापल्या जागी उभे राहिले. आता हा मंच केवढा? अरुंद. बासवाला उभा राहिला, ड्रम मांडलेलेच होते, गिटारवाला, बासरीवाला. कॅट्झनं डोळे उघडले तेव्हा पियानोकडे जायला वाटच उरली नव्हती. पियानो मागे, माणसं मध्ये, आणि हा चेलो घेऊन पुढे अडकलेला. पहिली रचना सुरू करायची वेळ झालेली. मग कॅट्झनं काय केलं? तो उठलाच नाही. जिथे होता तिथेच बसून, जे पियानोवर वाजवायचं होतं त्याच्या जागी चेलो वाजवू लागला.

आणि तो नाद सगळ्यांना आवडला. त्या रात्रीपासून तो पियानोकडे परत गेलाच नाही असं म्हटलं तरी चालेल. ज्या नादानं हा संच पुढे ओळखला गेला, तो नाद असा जागेच्या टंचाईतून जन्मला.

ही गोष्ट मी कितीतरी वेळा सांगितली आहे आणि दर वेळी मला तिच्यातलं काहीतरी नवं दिसतं. आज मला दिसतात ते बाकीचे चौघं. कॅट्झ अडकला हे तर झालंच, पण चेलो त्या क्षणी ऐकू आला कसा? पियानो स्वतःला सांभाळू शकतो, चेलो नाही. कोपऱ्यात बसलेल्या हॅमिल्टननं जर त्या रात्री काठ्या उचलून नेहमीचा नाचघराचा ठेका धरला असता, तर पहिल्या चार मात्रांतच चेलो बुडाला असता आणि पुढच्या विश्रांतीनंतर कॅट्झ मुकाट पियानोवर जाऊन बसला असता. संच वाचला तो ड्रमरच्या मनगटामुळे.

आता थोडं चेलोबद्दल. जाझमध्ये चेलो त्याआधी अजिबात नव्हता असं नाही. हॅरी बाबासिननं 1947 मध्ये तो वाजवला होता. ऑस्कर पेटिफर्ड या मोठ्या बासवादकाचा हात मोडला, तेव्हा बासपेक्षा लहान म्हणून त्यानंही चेलो हातात घेतला. पण हे दोघं बोटांनी तारा छेडत, म्हणजे लहान आकाराचा बास वाजवावा तसा. कॅट्झचा चेलो गजावर चालणारा. आणि गजानं जाझ वाजवणं फार अवघड. जाझमध्ये दोन स्वरांची जोडी सारख्या लांबीची नसते. पहिला जरा रेंगाळतो, दुसरा घाईनं येतो, आणि त्या झुलण्यालाच स्विंग म्हणतात. शास्त्रीय शिक्षणात गजाचा हात वर्षानुवर्षं समान, अखंड स्वर काढायला तयार केलेला असतो. शिवाय गजाचा स्वर उमलायला क्षणभर लागतो. छेडलेल्या तारेसारखा तो फटकन उठत नाही. तेव्हा गजवाल्याला ठेक्याच्या किंचित आधी निघावं लागतं. कॅट्झनं यावर काढलेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो: तो प्रत्येक वेळी झुलायच्या मागे लागला नाही. खूपदा तो लांब, सरळ स्वर धरतो आणि झुलण्याचं काम गिटार-बासरीवर सोपवतो.

बाकीचे तिघंही तोलामोलाचे. गिटारवर जिम हॉल. क्लीव्हलंडच्या संगीतसंस्थेत रचनाशास्त्र शिकून नुकताच बाहेर पडलेला, पंचविशीच्या आतला तरुण. बासवर कार्सन स्मिथ, जो मलिगनच्या त्या बिनपियानोच्या संचातही हॅमिल्टनबरोबर होता. आणि बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असं सगळं वाजवणारा बडी कॉलेट.

कॉलेटचं नाव आलं म्हणून सांगतो, कारण हे सांगितलंच पाहिजे असं मला वाटतं. तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये वादकांच्या संघटनाही वेगवेगळ्या होत्या, गोऱ्यांची एक आणि काळ्यांची दुसरी. या दोन्ही एक व्हाव्यात म्हणून झटलेल्या लोकांमध्ये कॉलेट पुढे होता, आणि 1953 मध्ये त्या एक झाल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी काळ्या आणि गोऱ्या वादकांचा हा संच उभा राहिला. संगीत कसं मिसळलं याची चर्चा आपण खूप करतो. माणसांना एकत्र बसायला आधी कुणी जागा करून दिली, याची चर्चा फार कमी होते, आणि ती व्हायला हवी.

संचाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर दोन गोष्टी आहेत त्या मुद्दाम ऐका. एक कॉलेटची ‘ब्लू सँड्स’. यात हॅमिल्टन ब्रशही ठेवून देतो आणि मऊ गुंडाळलेल्या डोक्याच्या काठ्या घेतो. त्या खालून सतत घुमत राहतात आणि वर बासरी एकटी चालत असते. दुसरी ‘फ्री फॉर्म’. ही आधी लिहिलेली नाही, पाचही जणांनी तिथल्या तिथे, एकमेकांचं ऐकत घडवलेली आहे. उत्स्फूर्त वाजवणं ही फक्त जाझची मिरास आहे असं कुणी म्हणालं तर मला राहवत नाही. अठराव्या शतकातल्या बाख या जर्मन संगीतकाराच्या काळात साथीच्या वादकाला खालचा स्वर आणि काही आकडे एवढंच लिहून मिळायचं, बाकीचं त्यानं जागेवर भरायचं. बेथोव्हेनची तरुणपणीची कीर्ती तर बैठकीत ऐनवेळी सुचेल ते वाजवण्यासाठी होती. म्हणजे जाझनं शास्त्रीय संगीताला काही परकं दिलं नाही, त्याचीच हरवलेली सवय परत दिली.

त्याच काळात पूर्वेकडे, न्यूयॉर्कमध्ये, मॉडर्न जाझ क्वार्टेट हा चौघांचा संच होता. पियानोवर जॉन लुईस, व्हायब्राफोनवर, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावर, मिल्ट जॅक्सन, बासवर पर्सी हीथ. लुईसला बाखच्या फ्यूगची ओढ. एकानं ओळ टाकायची, दुसऱ्यानं तीच मागून धरायची. तिथेही पाहा, 1955 मध्ये केनी क्लार्कच्या जागी कॉनी के ड्रमवर आला आणि तो इतका हलका वाजवायचा की त्याच्या झांजेतून व्हायब्राफोनची शेवटची थरथरही ऐकू यावी. पुन्हा तेच, ड्रमरचं मनगट. 1957 मध्ये गुंथर शूलर या अमेरिकन संगीतकारानं या सगळ्या प्रकाराला ‘थर्ड स्ट्रीम’, म्हणजे तिसरा प्रवाह, असं नाव दिलं. नाव छान आहे, पण नावाबरोबर मोठमोठे वाद्यवृंदही आले, आणि मोठ्या वाद्यवृंदात मला ही जादू पातळ झालेली वाटते.

एक विनंती मात्र करायचीच आहे. आजकाल सभागृहांत आवाज इतका वाढवून ठेवतात की अशा संगीताचा जीवच जातो. चार माणसं समोर बसलेली असताना कानठळ्या बसवणारे स्पीकर कशाला? आयोजकांनी एकदा तरी स्पीकर बंद ठेवून बैठक करून पाहावी. आणि घरी ऐकतानाही आवाज निम्म्यावर ठेवा. पहिलं मिनिट कमी वाटेल, मग कान स्वतःच पुढे सरकतील.

हॅमिल्टनच्या संचातली माणसं बदलत गेली. 1957 च्या एका हॉलिवूड चित्रपटात तो संच पडद्यावरही आला. नंतर कॅट्झ गेला आणि चेलोवर नेथन गर्शमन आला. बासरी-सॅक्सोफोनवर एरिक डॉल्फी आला, जो पुढे जाझमधला फार मोठा माणूस ठरला. 1958 च्या न्यूपोर्ट जाझ महोत्सवाचं चित्रीकरण झालं, त्यात गर्शमन एका खोलीत एकटा बसून बाखच्या पहिल्या चेलो सुइटचा प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग, वाजवताना दिसतो. बाहेर जाझचा महोत्सव भरलेला आणि आत बाख. त्याच्या हाताला मात्र दोन्हींत काही फरक वाटत नसावा. कॅट्झनं पुढे चित्रपटांना संगीत दिलं आणि मग कॅलिफोर्नियात विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवलं.

तर आजचं काम एवढंच. ‘ब्लू सँड्स’ मिळवा. पहिल्यांदा ऐकताना सगळं लक्ष बासरीवर जाईल, जाऊ द्या. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा बासरी सोडून द्या आणि पहिल्या स्वरापासून शेवटपर्यंत फक्त ड्रम ऐका. आज इतकंच, श्रोतेहो. नमस्कार.