आई-बाबा हिंडते-फिरते असतानाच करायची कामं

मंडळी, नमस्कार.

आजचा विषय परदेशात राहणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच घरांत आहे, पण मंडळाच्या मेळाव्यात तो सहसा कुणी काढत नाही. तिकडे पुण्यात, नाशकात, डोंबिवलीत आई-बाबा पंच्याहत्तरीला आले आहेत. त्यांच्याजवळ राहणारा भाऊ किंवा बहीण चाळिशीत आहे. कुणाला बौद्धिक अक्षमता आहे, कुणाला स्वमग्नता (ऑटिझम), कुणाला सेरेब्रल पाल्सी. आपण दर महिन्याला पैसे पाठवतो, रविवारी व्हिडिओ कॉल करतो. आई विचारते, "आमच्यामागे ह्याचं कसं होणार?" आणि आपण म्हणतो, "मी आहे ना."

हे म्हणताना आपण मनापासूनच म्हणतो. पण आई-बाबा गेल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत जे अडतं, ते पैशामुळे क्वचितच अडतं. कायद्याने सही करू शकेल असं माणूस तिथे नसतं, आणि ज्या संस्थेत त्याला ठेवायचं तिथलं कुणी त्याला ओळखत नसतं. या दोन्ही गोष्टींची सोय आई-बाबा हिंडते-फिरते असतानाच होऊ शकते.

आधी कायद्याचं सांगतो. मूल १८ वर्षांचं झालं की आई-वडील त्याचे आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, मग त्याला स्वतःची सही करता येवो न येवो. घरात कुणाला हे जाणवत नाही, कारण सगळं सवयीने चालतं. जाणवतं ते बँकेत, निवृत्तिवेतनाच्या कार्यालयात, घर विकताना. यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांतल्या व्यक्तींसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी तिची रचना. न्यायालयात न जाता ही समिती कायदेशीर पालक नेमते. अर्ज आई-वडील करू शकतात, भावंडं व इतर नातेवाईक करू शकतात, आणि नोंदणीकृत संस्थाही करू शकते. खाती उघडताना व चालवताना या समितीचं प्रमाणपत्र ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलेलं आहे. शाखेत काउंटरवर नकार मिळाला, तर शांतपणे शाखा व्यवस्थापकाकडे जा आणि हा मुद्दा लेखी मांडा.

आता आपल्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची अट. या कायद्याच्या नियमांनुसार पालक होणारी व्यक्ती भारताची नागरिक असावी लागते. इथला पासपोर्ट घेतला असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) हातात असूनही आपण नागरिक नाही. म्हणजे "मी आहे ना" म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना समिती पालक नेमूच शकणार नाही. हे तेराव्यानंतर कळू नये, आजच कळावं, म्हणून इतक्या स्पष्टपणे सांगतो आहे. दुसरी अट बहिणीच्या बाबतीत. भाऊ किंवा काका एकटा पालक होऊ शकत नाही. त्याची पत्नी सोबत असावी लागते, आणि मुख्य सहपालक तीच असते. तेव्हा तिकडे राहणारी मावशी, आतेभाऊ, चुलतबहीण यांच्यापैकी कोण तयार आहे, हे आत्ताच विचारायला हवं. विचारताना काम नेमकं सांगा. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा असतो. ती मेहनत आहे. तुम्ही इथून दर महिन्याचं हिशेबाचं कोष्टक सांभाळलंत, तर त्यांच्या वाट्याला सही आणि भेट एवढंच उरतं, आणि मग होकार देणं सोपं जातं.

एक गैरसमज वारंवार भेटतो. "आईने मला कुलमुखत्यारपत्र दिलंय, सगळं माझ्या हातात आहे." ते आईच्या व्यवहारांपुरतं आहे आणि आईबरोबरच संपतं. तसंच मृत्युपत्रात "धाकटीचा पालक थोरला" असं लिहिलं, तरी समितीचा आदेश लागतोच. मृत्युपत्र लागतं ते मालमत्तेसाठी. तिथे घर थेट भावाच्या नावावर करण्यापेक्षा त्याच्यासाठी खासगी विश्वस्त निधी करणं बहुतेक घरांत बरं पडतं, कारण त्याच्या नावावरचं घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं झालं, की पुन्हा परवानगीचा प्रश्न उभा राहतो. स्थावर मालमत्ता निधीत टाकायची, तर दस्त नोंदवावा लागतो, नाहीतर ती तरतूद मृत्युपत्रातून करावी लागते. विश्वस्तांमध्ये तिकडे राहणारी दोन माणसं तरी असू द्या. भारतीय विश्वस्त कायदा परदेशात कायमचं वास्तव्य असलेल्याला विश्वस्तपदासाठी योग्य मानत नाही. वकील निवडताना एकच विचारा, अपंग अपत्यासाठी आधी निधी केला आहे का.

कागदांत पहिला कागद यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं सरकारी ओळखपत्र. जुनं पिवळं पडलेलं प्रमाणपत्र आई कपाटात जपून ठेवते, पण आता कामाला येतं ते स्वावलंबन पोर्टलवरून मिळालेलं कार्ड. अडतं कुठे, तर आधारवर "राजेंद्र", प्रमाणपत्रावर "राजू", शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख निराळी. नाव आणि तारीख आधी एक करून घ्या, मगच रुग्णालयाची वेळ घ्या. चाळिशीतल्या माणसाला रुग्णालयाच्या रांगेत तीन तास बसवणं सोपं नसतं. म्हणून आधी एकटं जाऊन खोली, वेळ आणि तपासणारी व्यक्ती बघून या. प्रमाणपत्रावर अपंगत्व "कायमस्वरूपी" लिहिलं आहे की "तात्पुरतं", हे तिथेच, घरी यायच्या आधी वाचा.

वडील सरकारी नोकरीत होते, तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. त्याचं नाव वडिलांच्या हयातीतच पीपीओत, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशात, घालून घ्या. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना ही सोय आहे. राज्य सरकारी असतील, तर बाबांना घेऊन कोषागारात जा. बाबा स्वतः खुर्चीत बसलेले असताना या कामाला एक चक्कर पुरते. ते गेल्यावर तेच काम वर्षभर चालतं.

आरोग्यासाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय ही विमा योजना आहे. त्याच चार गटांसाठी, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही. बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही त्यात येतात. खर्च आधी आपण करायचा आणि बिलं देऊन परत मागायचा. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, आणि नेमकं तेच घरोघरी राहून जातं. ते काम इथून ऑनलाइन तुम्ही अंगावर घ्या.

मानसिक आजार असेल, उदाहरणार्थ स्किझोफ्रेनिया, तर राष्ट्रीय न्यास कायदा लागू होत नाही. तिथे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे आणि आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत साथ देणारं माणूस, ती व्यक्ती स्वतः, लेखी ठरवू शकते. बरं वाटत असतानाच ते लिहून घ्यावं.

आता संस्था. महाराष्ट्रात हे काम जुनं आहे. मुंबईत जय वकील १९४४ पासून आहे, स्पास्टिक्स सोसायटी १९७२ पासून, जिचं नाव आता अडॅप्ट आहे. पुण्यात कामायनी आहे. बदलापूरची 'आधार' तर पालकांनीच एकत्र येऊन उभी केली, प्रौढ मुलांच्या कायमच्या निवासाचा प्रश्न समोर ठेवून. पालक संघटनांचा 'परिवार' हा देशव्यापी महासंघ आहे. नावं सांगितली ती शोधाला सुरुवात कुठून करायची हे कळावं म्हणून. प्रत्येक ठिकाणची प्रवेशाची अट वेगळी असते.

संस्था म्हणजे एकच गोष्ट नव्हे, हे लक्षात ठेवा. विशेष शाळा साधारण १८ पर्यंत. त्यापुढे कार्यशाळा, जिथे दिवसा पणत्या, पाकिटं, फाइली, मसाले, चटया बनवतात. दिवसाच्या केंद्राला रात्रीची सोय नसते. निवासी संस्था वेगळी, आणि प्रौढांसाठीच्या जागा फार कमी. काही ठिकाणी आठ-पंधरा दिवसांचा अल्पकालीन निवास मिळतो. आमच्या मते सगळ्यांत जास्त उपयोगी पण सगळ्यांत कमी वापरली जाणारी सोय ही. आई मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेणार असेल, तर तेवढे दिवस भावाला तिथे ठेवा. त्याला कळतं की आपण इथे राहतो आणि परत घरीही जातो. संस्थेला कळतं की तो रात्री दोनदा उठतो. आईला कळतं की तो तिच्याविना जेवला. आईच्या निधनानंतर तिसऱ्या दिवशी अनोळखी खोलीत नेऊन सोडलेला माणूस जेवण सोडतो, ओरडतो, मारतो, आणि संस्था म्हणते, "आम्हाला झेपणार नाही." दोष कुणाचाच नसतो. त्याला एकाच आठवड्यात आई, घर आणि दिनक्रम तिन्ही गमवावी लागलेली असतात.

संस्था बघायला जाल तेव्हा सकाळी अकराला सगळीकडे छानच दिसतं. संध्याकाळी सातनंतर जा. रात्री किती माणसांमागे किती काळजीवाहक असतात, ते जागे असतात की झोपलेले, हे विचारा. संडास बघा. कुणाला किती वेळ ओल्या कपड्यांत बसावं लागतं, हे वासावरून कळतं. फिट आली तर काय करता, या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळायला हवं: कुशीवर वळवतो, तोंडात काही घालत नाही, वेळ बघतो, पाच मिनिटांच्या वर गेली तर रुग्णालय. "चमचा घालतो", "कांदा हुंगवतो" असं ऐकलंत, तर प्रशिक्षण झालेलं नाही. नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे, तिची मुदत कधीपर्यंत आहे, डॉक्टर किती दिवसांनी येतात, औषध दिल्याची नोंद सहीसह होते का, हेही बघा. अनामत रक्कम घेत असतील, तर माणूस परत नेला किंवा दगावला तर ती किती आणि कधी मिळते, हे पावतीवर लिहून घ्या.

बहिणीसाठी आणखी एक प्रश्न. मासिक पाळीत मदत कोण करतं? १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यात शिरूरच्या वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली, आणि स्वच्छता हेच कारण पुढे केलं गेलं. त्यावर महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. आज २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, व्यक्तीच्या स्वतःच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कुठलीही वैद्यकीय प्रक्रिया करायला मनाई आहे. "आधी ऑपरेशन करून आणा" असं कुणी सुचवलं, तर ती संस्था आपली नव्हे. पाळी सांभाळणं शिकवता येतं. कॅलेंडरवर लाल खूण, ठरलेला डबा, रोजच्या अंघोळीत बसवलेला क्रम, आणि सहा महिने चिकाटी.

आता असा एक कागद, जो कुठलंही कार्यालय मागत नाही आणि ज्याच्याशिवाय कुठलीही संस्था नीट काळजी घेऊ शकत नाही. भावाची वही. आईच्या डोक्यात जे चाळीस वर्षं साठलंय, ते त्यात उतरवा. औषधाचं नाव, मात्रा, वेळ, आणि आधी कोणतं औषध सोसलं नव्हतं ते. फिट कशी सुरू होते. पोळी कुस्करून दुधात की भाजीत. सेरेब्रल पाल्सी असेल तर पाणी पातळ चालतं की ठसका लागतो, आणि जेवताना मान कशी धरायची. दुखलं की काय करतो, कारण अनेकांना "दुखतंय" म्हणता येत नाही. दाढ दुखत असताना भिंतीवर डोकं आपटणाऱ्याला झोपेचं औषध दिलं जातं आणि दाढ तशीच राहते. "बाबू" म्हणजे बाथरूम की बाबूमामा, ते लिहा. कशाला घाबरतो. मिक्सर? फटाके? दाढीचं यंत्र? चिडला की काय केल्याने शांत होतो. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची शेवटची तपासणी कधी झाली ते लिहा, आणि हेही ध्यानात ठेवा की त्यांना विसराळूपणाचा आजार इतरांपेक्षा लवकर, कधी चाळिशी-पन्नाशीतही गाठू शकतो. अचानक हट्टीपणा वाढला, तर तो स्वभाव मानून सोडू नका.

ही वही आई लिहिणार नाही. तिला लिहायला सांगू नका, तिला बोलू द्या. रविवारच्या कॉलवर एक एक विषय विचारा, रेकॉर्ड करा आणि तुम्ही उतरवा. आंघोळ घालताना, भरवतानाचे छोटे व्हिडिओ कुणाला तरी काढायला सांगा. भावाला काही सांगता येत असेल, तर त्यालाही विचारा. कुठे राहायला आवडेल, कुणाबरोबर, हे त्याचं मत आहे आणि वहीत पहिल्या पानावर त्याला जागा हवी.

मंडळ म्हणून आपण काय करू शकतो, तेही बोलू. कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी कॅलगरीतच महाराष्ट्र सेवा समिती सुरू केली आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. परदेशात राहून संस्था उभी राहते, याचं हे आपल्याच माणसाचं उदाहरण. मात्र देणगीचा मार्ग नीट समजून घ्या. इथलं मंडळ, इथला नागरिक, ओसीआयधारक हे सगळे परदेशी स्रोत ठरतात. अशी देणगी फक्त एफसीआरए (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा) खाली नोंदणी असलेली संस्थाच घेऊ शकते, आणि ती संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते. गावातल्या शाखेतल्या खात्यावर प्रेमाने पाठवलेले पाच लाख संस्थेला अडचणीत आणतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली रक्कम यात धरली जात नाही. भावाचं मासिक शुल्क ही देणगी नव्हे. त्याची पावती "शुल्क" म्हणूनच घ्या आणि दोन रकमा कधी एकत्र पाठवू नका.

डिसेंबरात जाणार असाल तर दिवस असे लावा. नाताळच्या आठवड्यात अधिकारी रजेवर असतात, म्हणून जिल्हाधिकारी कार्यालय आणि कोषागार पहिल्या तीन दिवसांत. त्यासाठी निघायच्या आधी समितीचा ऑनलाइन अर्ज भरून त्याची प्रत, आई-बाबांचं संमतिपत्र, यूडीआयडी, आधार, होणाऱ्या पालकाची ओळखपत्रं आणि त्याच्यासोबत भावाचा फोटो, सगळ्याचे तीन संच करून ठेवा. मुंबईकरांनी आपला जिल्हा शहर की उपनगर, हे आधी बघा. समित्या वेगळ्या आहेत. वकील मधल्या आठवड्यात. संस्था दोन तरी बघा, एकदा भावाला न घेता आणि एकदा घेऊन. त्याला घेऊन जाल तेव्हा जेवणाच्या वेळेला जा, तिथेच पंगतीत बसा, आणि येताना त्याच्या आवडीची एक वस्तू तिथल्या कपाटात ठेवून या, म्हणजे पुढच्या वेळी तो ती शोधत आत जाईल.